रस्ता नको म्हणणाऱ्या काकू

"आइए, पहले नीचे उतरिए, फिर बात करते हैं."

निवडणुकीत हात जोडत आमच्या गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला काकू हे ऐकवायच्या. उमेदवार जरा गोंधळायचा. या मंडळींना वर चढायची सवय असते, स्टेजवर, जीपवर, कुणाच्या खांद्यावर. खाली उतरायला त्यांना कोण सांगणार? पण काकूंच्या घरात उतरूनच जावं लागायचं. मागून कार्यकर्ते ओरडायचे, "भैयाजी, सर बचा के!" आणि तोवर भैयाजींचं कपाळ चौकटीवर आदळलेलं असायचं. आतून काकूंचा शांत आवाज यायचा, "लागलं का? बसा. आता रस्त्याचं बोलू."

आता तुम्ही म्हणाल, खाली घर बांधलं कशाला? अहो, खाली नव्हतंच ते. मी लहानपणी त्यांच्या ओट्यावर पायऱ्या चढून जायचो. ग्वाल्हेरात इंदरगंजच्या मागे आमची गल्ली, मराठी घरं मोजकीच, त्यातलं हे एक. घर जागचं हललं नाही, रस्ता वर आला. जुना रस्ता उखडायचे कष्ट कोणी घेत नाही, त्याच्याच डोक्यावर नवा ओततात. निवडणूक आली की थर आला. तुमच्याही गावात हेच चालत असणार, बघा एकदा जुन्या घरांच्या उंबऱ्यांकडे. आधी पायऱ्या गेल्या, मग ओटा गेला, आणि एका दिवाळीला काकूंची रांगोळी काढायची जागाच सिमेंटखाली गेली. त्या वर्षी त्यांनी रांगोळी घरात, दाराच्या आतल्या बाजूला काढली.

बाकीच्यांनी घरं पाडून उंच जोती घातली. मीही घातलं. काकूंना ते जमण्यातलं नव्हतं. काका बिर्लानगरात गिरणीच्या ऑफिसात होते. गिरणी बंद पडली, मग एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर द्यायला बसायचे. मूलबाळ नाही. पुढे काकांना अर्धांगवायू झाला आणि बोलणंही गेलं. गप्पांचा मोठा शौकीन माणूस, पण नशिबात हे.

तेव्हापासून काकूंचा एक नेम होता. संध्याकाळ झाली की चाकाच्या खुर्चीत काकांना बसवायचं, दारात फळी टाकायची आणि खुर्ची ढकलत वर रस्त्याच्या कडेला आणायची. काकूंची अंगकाठी म्हणाल तर फुंकर मारली तर उडेल अशी. पण कोणी हात लावायला गेलं की म्हणायच्या, "राहू दे, मला सवय आहे." वर आले की काका येणाऱ्याजाणाऱ्याला बघत बसायचे. भाजीवाला थांबायचा, शाळेतून येणाऱ्या पोरी "नमस्ते अंकल" म्हणायच्या, शेजारचे वर्माजी मॅचचा स्कोर सांगायचे. काकांचं निम्मं तोंड हसायचं. उरलेलं त्यांचं जगणं म्हणजे एवढंच होतं आणि काकूंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांचं सगळं राजकारण त्या फळीवर अडलेलं होतं. आणखी एक थर पडला असता तर चढ इतका उभा झाला असता की खुर्ची वर गेलीच नसती.

माझं इंदरगंजात छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, पर्चे म्हणजे प्रचाराची पत्रकं, लग्नपत्रिका. निवडणुकीत सगळ्या पार्ट्यांचे पर्चे माझ्याकडेच येतात, त्यामुळे कोणाचे काय विचार आहेत हे मतदारांच्या आधी मला कळतं. विचार म्हणजे काय हो, मजकूर तोच, फोटो बदलायचा. मला तर तो पाठ झालाय. हर गली पक्की सड़क, घर घर साफ पानी, नाली, स्ट्रीट लाइट. एकदा माझ्या ऑपरेटरकडून एकाच्या पर्च्यावर दुसऱ्याचं चिन्ह छापलं गेलं. दोन दिवस वाटल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

काकू दुकानात यायच्या, चष्मा पुसून प्रत्येक पर्चा वाचायच्या.

"हा काय म्हणतोय रे रस्त्याचं?"

"सीमेंट कांक्रीट म्हणतोय, काकू."

"म्हणजे अजून वर. आणि हा?"

"हा टाइल्स लावणार."

"त्याही वरच लावणार मेला."

मग पर्चे नीट रचून ठेवायच्या आणि रिक्षाने घरी जायच्या. माझा ऑपरेटर विचारायचा, "भैया, आंटी को रोड क्यों नहीं चाहिए? सबको तो चाहिए." त्याला काय समजावणार. उमेदवारांनाही हेच कळायचं नाही. काकू त्यांना बसवून, चहा देऊन सांगायच्या, "भैया, हमें सड़क मत दीजिए. देनी है तो पहले पुरानी खोदिए, नीचे कीजिए, फिर बनाइए." समोरचा मान डोलवायचा, "बिल्कुल अम्माजी, बन जाएगी, बढ़िया बन जाएगी." एकाने तर जाता जाता डायरेक्ट घोषणाच केली की अम्माजींच्या घरापासून कामाला सुरुवात करू. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग एका निवडणुकीला दादा उभा राहिला. दादा म्हणजे आपल्यातला, मराठी. घराण्यात कोणीतरी फौजेत होतं म्हणून फोटोत मिशीला पीळ, बाकी पोरगा साधा. त्याला "उतरा" म्हणावं लागलं नाही. चप्पल बाहेर काढून, डोकं वाकवून तो नीट खाली आला, काकांच्या पाया पडला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. काकूंनी पोहे दिले. ते खाता खाता त्याने दारातली फळी बघितली, खुर्ची बघितली आणि स्वतःहून म्हणाला, "काकू, हे तर आधी खोदायला पाहिजे. लेव्हल खाली घेतल्याशिवाय इथे रोड टाकणं म्हणजे पाप आहे. मैं करवाऊँगा, तुम्ही बघाल."

काकू उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या तोंडून त्यांचं दुखणं त्यांना ऐकायला मिळालं होतं.

त्या निवडणुकीत काकू घरोघर हिंडल्या. जन्मात कोणाच्या दारात काही मागायला न गेलेली बाई, पण हळदीकुंकवाला बायका जमल्या तरी ह्यांचं तेच. हरिशंकरपुरमला नणंद राहायची, तिचा आमच्या वॉर्डाशी काही संबंध नाही, तिलाही फोन. मी चिडवायचो, "काकू, दादा तुम्हाला तिकीट देणार बघा." त्या म्हणायच्या, "गप रे, मला फक्त माझं दार परत पाहिजे."

दादा निवडून आला. आल्यावर जे व्हायचं ते झालं, दिसेनासा झाला. काकू मात्र त्याची बाजू घ्यायच्या. "नवा आहे, बजट मिळत नसेल." वर्ष गेलं, आणखी वर्षं गेली. पुढची निवडणूक तोंडावर आली तसा दादा परत दिसायला लागला आणि एका सकाळी गल्लीत भूमिपूजनाचा मांडव पडला.

दादाने पूजेला काकूंना बसवलं. कोरी साडी नेसून बसल्या होत्या. नारळ त्यांच्याच हातून फोडवला. मग दादाने लाल रिबन बांधलेली कुदळ घेतली आणि फोटोसाठी रस्त्यावर एक घाव घातला. सिमेंटचा एवढासा टवका उडाला. काकू वळल्या, कडेला खुर्चीत बसलेल्या काकांकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "बघितलंत? खोदायला लागले!" सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला खरंच वाटलं होतं हो.

खोदाई झाली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी मिक्सर आला. काकू दारात उभ्या राहून मजुरांना सांगायला लागल्या, "अरे रुको, पहले खोदना है." ठेकेदार म्हणाला, खोदाई एस्टिमेटमध्येच नाही. दादाचा फोन लागेना. काकूंनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. आता खरं सांगतो, गल्लीतल्या कोणालाच खोदाई नको होती. खोदलं तर पाण्याचे पाइप फुटणार, महिनाभर गाड्या बाहेर, एकाकडे पोरीचं लग्न. वर्माजी हळूच म्हणाले, "भाभीजी, बन जाने दीजिए ना. आपके यहाँ बाद में ढाल बनवा देंगे." त्यांना काय बोलणार? वाईट माणूस नाही तो, सगळ्यांची जोती उंच होती एवढंच. मी ठेकेदाराशी भांडलो, महापालिकेच्या ऑफिसात जाऊन आलो, दोन अर्ज दिले. संध्याकाळपर्यंत रस्ता ओतून झाला. काकूंच्या दारासमोर तर जरा जाडच पडला.

ती ढाल, म्हणजे दारापर्यंतचा उतार, कोणी बांधून दिली नाही. पावसाचं पाणी सरळ घरात येणार हे उघड होतं, म्हणून काकूंनी दारात विटांचा बांध घालून घेतला. बांध घातल्यावर फळी टाकायची कुठे? पाणी आत येऊ द्यायचं नाही तर काकांना बाहेर न्यायचं नाही. मी आणि वर्माजींनी एकदा खुर्ची उचलून वर आणली. काका इतके घाबरले की बांधावरच रडायला लागले. काकू म्हणाल्या, "पुरे. परत नको."

मग खुर्ची खिडकीशी लागली. त्या खिडकीतून आता लोकांच्या गुडघ्याखालचं तेवढं दिसायचं. काकू शेजारी बसून सांगायच्या, "हे वर्माजी, ऑफिसला निघाले. हे पांढरे बूट, ती शाळेतली पोरगी." पहिले काही दिवस काका मान हलवायचे. पुढे पुढे काकूच बोलायच्या आणि काका खिडकीच्या गजाकडे बघत राहायचे. मी बांध ओलांडून जायचो, पण माझी दुकानाची धावपळ. मी थकलो होतो, रागावूनही थकलो होतो.

त्या हिवाळ्यात काका गेले. काकूंना त्यांची भाची इंदूरला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. लोक आता त्या बांधाला टेकवून स्कूटर लावतात.

पण मला काकू आठवतात त्या काका जायच्या थोडं आधी, प्रचाराच्या शेवटच्या दिवशीच्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता, म्हणून दादाने बायकोला उभं केलं होतं. पर्चा माझ्याकडेच छापला होता, तिचा फोटो लहान, ह्याचा मोठा. ढोल वाजवत सगळे गल्लीत आले आणि मी दुकानाला कुलूप लावून घरी पोचत होतो. दादा काकूंच्या घरासमोर थबकला. मला वाटलं, पुढे जाईल. पण तो खिडकीसमोर रस्त्यावर उकिडवा बसला, मान पार खाली घालून त्याने आत पाहिलं.

"काकू," तो म्हणाला. "चूक झाली. एस्टिमेट वरूनच तसं आलं, मी बोललो होतो, माझं कोणी ऐकलं नाही. इस बार पक्का, मी स्वतः उभा राहून खोदवतो."

मी धावत पुढे गेलो. म्हटलं, आता काकू याला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. आत बघतो तर काका खुर्चीत पुढे झुकले होते. दादाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि त्यांचं निम्मं तोंड हसत होतं. किती दिवसांनी हसत होते देव जाणे. दादाला ते कळलं नाही. तो उठायला लागला, मागे ढोलवाले खोळंबले होते.

काकूंनी गजातून हात बाहेर काढून त्याची बाही धरली.

"रस्त्याचं राहू दे आता," त्या म्हणाल्या. "उठू नकोस. जरा वेळ असाच वाकून बस. बाहेरच्या माणसाचं तोंड बघून त्यांना फार दिवस झाले रे."