पेटीदुरुस्तीची खोली

सिंगापुरातल्याच आंग मो किओचा फ्लॅट विकून मी बेडोकला आलो. मुलगी इथेच दोन ब्लॉक सोडून राहते, म्हणून. मूव्हर्सनी दुपारपर्यंत पलंग, फ्रिज, कपाटं जागेवर लावून दिली. राहिली ती स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी खोली. तिथे जमिनीपासून खांद्यापर्यंत खोकी रचलेली होती, सगळी माझ्या बायकोच्या कारखान्याची.

कारखाना हा तिचाच शब्द. दिवसा ती बँकेत काम करायची आणि संध्याकाळी पेट्या दुरुस्त करायची. पेट्या म्हणजे गाण्याच्या, हार्मोनियम. मिरजेला तिच्या वडिलांचं तेच काम होतं, ते ती त्यांच्याजवळ बसून शिकली. सिंगापुरात कुणाच्या पेटीचा भाता फाटला, सूर उतरले, की ती आमच्याकडे यायची. गणपतीच्या आरतीची यायची, गुरुद्वारातली यायची, तमिळ गाण्याच्या क्लासमधली यायची. गेल्या वर्षी दुखणं कळलं आणि काही महिन्यांतच ती गेली.

"बाबा, हे सगळं कशाला आणलंस?" मुलगी खोकी बघून म्हणाली आणि इथल्या इंग्रजीवर गेली. "गिव्ह अवे लाह. कुणाला तरी उपयोग होईल."

"देऊ," मी म्हणालो. "आधी लावून तर बघू."

मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत काम केलेलं, त्यामुळे वस्तू लावायची मला हौस आहे. तिचं टेबल खिडकीशी ठेवलं. भिंतीवर फळी ठोकून कानशी, चिमटे, छोट्या करवती आकारानुसार टांगल्या. पितळी सुरांच्या पट्ट्या डब्यांत, भात्याची कातडी गुंडाळून खालच्या खणात. दिवा बसवला. काम संपल्यावर दारात उभा राहून बघितलं आणि वाटलं, जमलं. ती आली तर आत्ता बसेल आणि कामाला लागेल. मुलीला फोन करून बोलावून घेतलं.

ती आली, थोडा वेळ बघत राहिली. मग स्टुलावर बसली, हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"बाबा, सगळं रॉन्ग साइडला आहे."

"म्हणजे?"

"आई डावखुरी होती ना."

मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी घरच्यांनी ओरडून ओरडून तिला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं होतं, पण कानस घ्यायची ती डाव्याच हाताने. मी रोज चहा न्यायचो तो कप तिच्या उजवीकडे ठेवायचो, एवढं माझ्या हाताला आठवत होतं. का ठेवायचो, ते डोक्यातून गेलं होतं. मी ती खोली माझ्यासाठी लावली होती. मी खोक्यावरच बसलो.

मुलगी उठली. एकेक वस्तू काढून दुसऱ्या बाजूला लावायला लागली. शाळेत असताना ती त्याच टेबलाखाली बसून अभ्यास करायची, तिला सगळं ठाऊक होतं. दिवा तिने उजवीकडे घेतला. "डाव्या हाताची सावली पडायला नको," म्हणाली. तिच्या आईने स्वतः वाकवून केलेला एक पितळी आकडा होता, सूर खाचेतून ओढून काढायचा. तो हातात धरून तिने विचारलं, "याला काय म्हणायची आई? काहीतरी गंमतशीर नाव होतं."

मला आठवेना. तिलाही आठवेना. आता ते कुणालाच विचारता येणार नव्हतं.

सगळ्यात शेवटच्या खोक्यात एक पेटी निघाली, चादरीत गुंडाळलेली. मुलीने लगेच ओळखली. क्लेमेंटी भागातल्या एका गाण्याच्या शिक्षिकेची, आजारपणाच्या आधी दुरुस्तीला आलेली. बायकोच्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता. मी लावला, तर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मिसेसना सांगा, माझी काही घाई नाही. सावकाश होऊ दे." मग मला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. साठीच्या, तमिळ. पेटीसमोर जमिनीवर बसल्या, भाता हलवला आणि खालच्या पट्टीपासून एकेक सूर वाजवत वर गेल्या. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण अर्ध्यावर येऊन पेटी एकदम भसाडी झाली, ते मलाही कळलं. तिचं काम कुठे थांबलं ते नुसतं ऐकून कळत होतं. बाईंनी शेवटच्या चांगल्या सुरावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबल्या.

"बाकीचं दुसऱ्या कुणाकडून करून घ्याल?" मी विचारलं.

"घ्यावं लागेल. मुलांना शिकवते ना."

"मग हे राहील? खालचं, तिने लावलेलं?"

त्यांनी मान हलवली. "नाही राहणार. पेटी एकाच माणसाच्या हाताने सुरात लावावी लागते. नवा कारागीर सगळी पुन्हा लावेल."

मी म्हणालो, "मग एकदा फक्त तेवढंच वाजवा."

त्यांनी वाजवलं. वरचे सूर टाळून, खालच्या खालीच फिरत, एक सावकाश भजन. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. भजन संपलं. मग आम्ही दोघांनी पेटी लिफ्टने खाली नेली, टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवली. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि गेल्या.

वर जाववेना. शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन कॉफी घेतली. भर गर्दीची वेळ होती, लोक ट्रे घेऊन जागा शोधत होते. मुलगी कप समोर धरून बसली होती, आणि एकदम रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड न झाकता. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीबाईंनी टिश्यूचं पाकीट आमच्याकडे सरकवलं.

"बाबा, ते सामान देऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही देत," मी म्हणालो.