चाक वर, चेहरा आत

सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. देऊळगाव राजाच्या बसस्थानकाजवळच्या ओट्यावर कोकिळाबाई दहाच्या कोऱ्या नोटेच्या दोन्ही बाजू मागे दुमडतात, गांधींचा चेहरा मधोमध सपाट ठेवतात आणि नोट जरीच्या दोऱ्याने बांधतात. शेवटची नोट. उंद्रीच्या गुलाबरावांनी भाच्याच्या लग्नासाठी नोटांचा हार सांगितला आहे. पदकात बाबासाहेबांचा फोटो. नोटाही त्यांनीच कुठून तरी मिळवल्या. इथल्या बँकेत कोऱ्या दहाच्या नोटा महिनाभर नाहीत.

कोकिळाबाई पूर्वी कापूस वेचायला जात. टेम्पोच्या मागच्या फळीवरून पाय निसटला, मांडीचे हाड मोडले आणि आत सळई आली. तेव्हापासून बसून करता येणारे हेच काम. हल्ली नवरदेवाला लोक मोबाइलवर पैसे पाठवतात. या लग्नसराईतली ही पहिलीच मागणी. हार पसंत पडला तर गुलाबराव नात्यातली आणखी तीन लग्ने देणार होते.

गुलाबराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आले, हार उचलला आणि थबकले.

“मधात बाबासाहेब अन् भोवताल सारे गांधी? पाव्हणे मलेच हार घालून भिंतीवर टांगतीन.”

“सगळे चेहराच वर मागतेत, भाऊ. नोटीवर तेच हायेत, मी काय करू?”

“जिंदगी गेली माही सुट्टे देण्यात. नोटीवर माह्या बापाच्या काळात इंग्रजाचा राजा होता, मंग सिंह आले, मंग हे.”

“मंग तुमच्यावाले काऊन नाई आले?”

“तेच तर इचारून राह्यलो आमी.” आवाज चढला नव्हता. “मागून चाक हाये. ते वर घ्या. मी येतो साडेदहाले.”

नोटेवर चेहरा छापण्याचे एक कारण साधे आहे. चेहऱ्यातली चुकलेली रेघ माणसाच्या डोळ्याला लगेच खटकते, खोटी नोट ओळखता येते. तो कोणाचा असावा, हे सरकार ठरवते.

मागचे कोणार्कचे चाक चेहऱ्याच्या बरोबर पाठीशी नाही. नव्या घड्या वेगळ्या जागी पडल्या, जुन्या चाकावरून आडव्या गेल्या. कोकिळाबाईंनी तांब्यात उकळते पाणी भरून एकेक नोट दाबली. पांढरी रेघ जाईना. बोटे भाजली.

साडेदहाला गुलाबरावांनी हार उजेडात धरला. “नवरदेवाच्या गळ्यात मुरगळलेल्या नोटा घालू, बाई?”

“मजुरी नका देऊ. पण हार न्या.”

त्यांनी पदक सोडवून खिशात ठेवले, नोटा पिशवीत भरल्या आणि ठरलेली मजुरी पूर्ण ओट्यावर ठेवली.

“अन् ते तीन लग्नं?”

“फुलाचेच हार सांगतो आता. फुलाले तोंड नसते.”

दुपारी कोकिळाबाईंनी टेम्पोवाल्याला जागा आहे का विचारले.

“हाव, हाये ना. पण चढशीन का, मावशी?”

“पाहू.”

कापूस वेचणीचा टेम्पो उद्या सकाळी साडेसहाला बसस्थानकासमोरून सुटतो. चढायला मागची फळीच आहे.