गुंडाळलेली मॅट

मुलांनो, आजच लिहिते, कारण अमेरिकेतल्या तुमच्या मैदानावरचा शेवटचा सामना काल मी इथे सांगलीत फोनवर थेट पाहिला. तिथे आता पार्किंग होणार. समालोचन करता करता तुमचे बाबा मध्येच मला, तुमच्या आजीला, म्हणाले, "चौकार! आई, चहा झाला का?" सगळ्यांनी ऐकलं असेल.

सामना संपल्यावर ते कॅमेरा बंद करायला विसरले. चौघांनी खेळपट्टीवरची मॅट गुंडाळली. खाली गवताचा पिवळा पट्टा उरला. लग्नानंतर सतरंज्या उचलल्या की आमचं अंगण असंच क्षणभर परकं वाटे. पट्ट्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि मी बघत बसले होते. बाबांचा आवाज आला, "नीट धरा रे, भिजायला नको."

दुसरं मैदान अजून मिळालेलं नाही. मॅट तुमच्या गॅरेजमध्ये आहे, कोरडी.