ग्रामपंचायतीची पाटी

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पाहिले, पण जुन्या दिवसांचा विषय निघाला की आधी आठवते ती एक पत्र्याची पाटी, आणि आजही माझं डोकं तापतं.

पेठच्या बाजूचं एक गाव. मधून ओढा, एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला मळा. ग्रामपंचायतीचं ऑफिस गावठाणात, आणि ते आपल्याकडे हवं हा मळ्याचा हट्ट. दर निवडणूक याच मुद्द्यावर. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा उगवायचा, निम्मे दाखले लोक मोबाइलवर काढायचे, पण ऑफिस कुठे असावं यावरून डोकी फुटायची.

मतदानाला आठ दिवस असताना ऑफिसची पाटी रातोरात गायब झाली. गावठाणाचा पॅनेलप्रमुख सकाळीच ठाण्यात हजर. त्याचा संशय मळ्यातल्या एका तरुणावर. नेमकी त्याचीच पोलीस भरतीत निवड झालेली आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर. गुन्हा दाखल झाला तर नोकरी गेलीच म्हणायची. मी तक्रारीचा अर्ज ठेवून घेतला, आधी चौकशी करतो म्हणालो.

त्या तरुणाला बोलावलं. पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "मीच नेली, साहेब."

"कुठं ठेवलीस?"

तासभर विचारलं, पण जागा काही सांगेना. चोरी कबूल करून माल दाखवत नाही तो एकतर निर्ढावलेला असतो, नाहीतर माल कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं. हा निर्ढावलेला दिसत नव्हता.

दुपारी नारायणगावच्या बाजारातून एका टेम्पोवाल्याचा फोन आला. "साहेब, त्याला उगा धरलंय. पाटी गेली त्या राती तो हितं माझ्यासंगं टोमॅटोचे क्रेट भरत व्हता."

मग हा कोणाला वाचवत होता? मी हवालदाराला त्या गावाची गुन्हे नोंदवही काढायला सांगितली. प्रत्येक गावाचे जुने तंटे या वहीत नोंदलेले असतात. एका पिवळ्या पानावर सापडलं: निवडणुकीआधी पाटी चोरीस गेली, मळ्यातल्या पडक्या विहिरीत मिळाली. आरोपी या तरुणाचा आजोबा, तक्रारदार आताच्या तक्रारदाराचा आजोबा.

जीप काढली. पाटी त्याच विहिरीत होती. ऐंशीचा आजोबा काठी टेकत आला.

"मीच नेली. तवाबी मीच नेल्ती."

"आणि नातवाची नोकरी?"

"ते ध्यानातच न्हाई आलं, साहेब."

मला राग आला आणि कीवही आली. तक्रारदाराला मी नोंदवहीचं ते पान वाचायला दिलं. वाटलं, शरमेल.

"आमच्या आजोबांचं लई बरोबर व्हतं," तो म्हणाला. अर्ज मात्र त्यानं मागे घेतला. ऐंशीच्या म्हाताऱ्यावर केस केली तर मतं जातील, एवढं त्याला कळत होतं.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. चोर सापडतो, मुद्देमाल सापडतो. भांडणाचा पंचनामा करता येतो, पण ते जप्त करून ठाण्यात ठेवता येत नाही. जमिनीच्या वाटण्या व्हायच्या आधीच ते नातवंडांच्या वाट्याला आलेलं असतं.

पडताळणीच्या कागदावर 'निरंक' असा शेरा मारून मी सही केली. त्या तरुणाला सांगितलं, "आता ट्रेनिंगला जा. या भानगडीत परत पडू नकोस." तो पाया पडला, डोळे पुसले, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"साहेब, पर एक सांगू? हापिस मळ्यातच पायजे."