नावाचा सण, रविवारी

आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाचा सण मोठा. ज्या संताचं नाव ठेवलं, त्याच्या दिवशी चर्चमध्ये मिस्साला जायचं, घरी गोड करायचं. आमच्या ह्यांचं नाव एका रक्तसाक्षीचं, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेल्या माणसाचं. त्या दिवशी फादर लाल झगा घालतात. हे म्हणायचे, "फादर लाल, मंग तू काहून नाही?" म्हणून मीही लाल साडी नेसायची.

हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, तेव्हा सकाळीच स्कूटर काढून आम्ही नागपूरला यायचो. फादरनी त्या संताचं नाव घेऊन "आज आपण यांचं स्मरण करतो" म्हटलं, की ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत. "आयकलं? माह्यं नाव." दरवर्षी! जसे काही फादर ह्यांनाच पुकारत होते.

मी मात्र ते नाव कधी घेतलंच नाही. आमच्यात कोणती बायको घेते? अहो, ऐकलं का, नाहीतर नुसतं भांडं आपटायचं. लग्नात वेदीपुढे वचन देताना घ्यावंच लागलं, तेही मी ओठातल्या ओठात पुटपुटले. त्यावरून ह्यांनी जन्मभर पिडलं. "फादरले आयकू आलं असंन, मले नाही आलं. एकदा मोठ्यानं घे ना वं." मी म्हणायची, चला, काहीतरीच तुमचं!

हे गेले आणि घरातून ते नावच गेलं. सासूबाई नावानं हाक मारायच्या, त्या आधीच गेलेल्या. मुलगा पुण्याहून फोन करतो, तो 'बाबा' म्हणतो. मी 'हे' म्हणते. ते नाव मोठ्यानं उच्चारणारं माझ्या आसपास कोणी उरलं नाही. वर्षातून एकदा, त्या दिवशी, फादर घेतात, तेवढंच. खरं सांगते, नाताळची मी एवढी वाट बघत नाही.

यंदाही लाल साडी काढली. जिन्यात शेजारीण भेटली. "काहून वं बाई, एवढी लाल? कोणाचं लग्न हाय का?" नवरा गेलेल्या बाईनं लाल नेसावं, हे तिला पटत नाही. मी म्हटलं, "ह्यांचा सण हाय," आणि तरातरा खाली उतरले.

चर्चमध्ये घंटा वाजली, सगळे उभे राहिले. फादर आले ते हिरव्या झग्यात.

हिरवा झगा, म्हणजे सण नाही. रविवार होता! संताचा दिवस रविवारी आला की त्या वर्षी तो धरत नाहीत, रविवार प्रभूचा. कॅलेंडर बघणं हे ह्यांचं खातं. असा रविवार आला की हेच कुरकुरायचे, "यंदा आपला पत्ता कट." माझ्या कशाला लक्षात राहतंय! भरल्या चर्चमध्ये मी एकटी लालभडक. तरी वाटत होतं, ओघात का होईना, घेतील नाव. प्रवचन झालं, प्रार्थना झाल्या, शेवटचं गाणं झालं. नाही घेतलं. रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

बाहेर पडताना दाराशी फादरना गाठलंच. "फादर, आज सण होता."

"कोणाचा, आंटी?"

आली का पंचाईत! सांगायचं होतं संताचं नाव, ह्यांचं थोडंच? पण नाव तर एकच. जीभ उचलेना. "असू द्या," म्हटलं आणि रिक्षात बसले.

घरी येऊन शेवयांची खीर केली, वाटी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली. पंखा बंद केला. आणि घेतलं नाव. मोठ्यानं, खणखणीत, शेजारणीला ऐकू जाईल असं. माझ्याच तोंडात ते किती परकं वाटलं! इतकी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही.

सासूबाईंनी हाक मारली की हे मागच्या खोलीतून लांबलचक "ओ" द्यायचे. मी तशीच त्या खोलीकडे कान देऊन उभी राहिले. जन्मभर मागे लागले होते, घे म्हणून. आता घेतलं तर ओ द्यायला नाहीत.

खीर गार झाली. मी पुन्हा एकदा हाक मारली, या वेळी जरा हळू.