मनोऱ्यावरून दिसलेलं

प्रागच्या मनोऱ्यावरून फोटो काढताना खालच्या चौकात बाकावर बसलेली सुनंदा, माझी बायको, दिसली. कॅमेऱ्यातून तिला जवळ आणलं. आमच्या दोन्ही सॅक शेजारी ठेवून, कोणी बघत नाही असं समजून, ती गुडघा चोळत होती. मध्येच तिने डोळे पुसले.

व्हिएन्नात, बुडापेस्टमध्येही ती म्हणाली होती, "तुम्ही जाऊन या, मी सामान सांभाळते." तिला चढायचा कंटाळा आहे, असं मी सोयीने धरून चाललो. स्टेशनचे जिने उतरताना ती कठडा घट्ट धरते, हे मी पाहिलं होतं. विचारलं मात्र नाही, कारण विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं. पंचवीस वर्षांच्या संसारात किती ठिकाणी मी असा एकटाच वर गेलो असेन?

खाली आलो. तिने घाईने पाय सरळ केला.

"काय काय दिसलं हो?"

"नदी, पूल, कौलं..." पुढचं सांगायचा धीर झाला नाही.

"चला मग, गाडी चुकेल आपली," ती हसून म्हणाली, आणि मी हात पुढे करायच्या आत तिने सॅक पाठीवर घेतली.