फायरवॉल आणि आमची गल्ली

आमच्या अनसिंग गावातल्या घराला दाराची कडी आहे, पण ती लावायची पद्धत नाही. वायफायचंही तसंच. त्याचा पासवर्ड आईने माठाच्या वर, भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला. (आल्या-गेल्याला पाणी आणि नेट दोन्ही लागतं!)

माझी बायको वैशाली पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. कंपनीने कळवलं की घरच्या नेटवर्कला फायरवॉल लावा, सोमवारी तपासू. परकं कोणी सापडलं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा. वैशालीचा चेहरा उतरला. ती गेली तर मी आणि आमची लहानगी पोर... खरं सांगतो, मला धडकीच भरली.

"काळजी करू नको, मी आहे ना!" मी म्हणालो. (मी शाळेत भूगोल शिकवतो.)

रविवारी राउटरची सेटिंग उघडून बसलो. ज्या फोनचं नाव यादीत, तो आत, बाकीचे कुंपणाबाहेर. चाचणीसाठी माझा फोन घातला, मग आईचा. वैशालीचा लॅपटॉप? तो घरचाच, मागाहून घालू. आमच्याकडे घरच्यांची पंगत शेवटी बसते!

तेवढ्यात शेजारचे सुदामकाका आले. "काहून सर, नेट बंद केलं काय? मी सोयाबीनचा भाव पाहून राह्यलो होतो ना!"

"काका, आता फक्त घरच्यांनाच."

आतून आई कडाडली, "मंग सुदामभाऊ काय परके हायेत काय? तुह्या लग्नात बुंदी त्याइनंच पाडली!"

काकांना घेतलं. काकांच्या मागे त्यांची मुलं आली. मग समोरच्या घरातली विमलमावशी दारात उभी. "सुदामचं नाव घेतलं, माहं काहून नाही? मी काय दुश्मन हावो?" तिलाही घेतलं. पाहता पाहता अख्खी गल्ली फोन घेऊन रांगेत! त्यात मावशीचा शिरपूरचा जावई आलेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! पण जावयाला नाही म्हणायची आपली छाती नाही.

संध्याकाळी लॅपटॉपचं नाव घालायला गेलो, तर राउटर म्हणतो, यादी भरली! नवं नाव हवं तर जुनं काढा.

"जावयाचं काढतो," मी म्हणालो.

"जावयाले हात लावशील त पाह्य मंग!" आई म्हणाली. "पंगतीतून माणूस उठवते काय कोणी?"

(आईचंच काढावं, असाही विचार आला. तिने नुसतं पाहिलं. विचार गेला.)

"अहो, मी बॅग भरू काय?" वैशाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि मी मुकाट्याने माझाच फोन काढून तिचा लॅपटॉप घातला.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर यादी पाहून कंपनीचे साहेब दचकले. "मॅडम, इतके फोन?"

"सगळे घरचेच आहेत, सर. कुटुंब मोठं आहे," वैशाली शांतपणे म्हणाली.

"परकं कोणी नाही ना?"

"एक होता. त्याला काल काढलं."

ती पास झाली! मी आनंदाने सासऱ्यांना कळवायला फोन उचलला, तर नेट नाही. रिचार्जही नाही. (घरी वायफाय असताना रिचार्ज कोण मारतो?) शेवटी सुदामकाकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काकांचा डेटा हल्ली उरतो. ते माझं वायफाय वापरतात ना.

काकांनी हॉटस्पॉट सुरू केला, इकडेतिकडे पाहिलं आणि हाताने स्क्रीन झाकत पासवर्ड माझ्या फोनमध्ये स्वतःच टाकला.

"राग मानू नका, सर," ते म्हणाले. "पण मी पासवर्ड बाहेरच्याले सांगत नसतो!"